मालकाचं उत्तर: चूक आमची आहे, पण फिल्टर डुप्लिकेट नव्हता

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात, चार फोटो टाकलेत आणि लिहिलंत की आम्ही अकरा मिनिटांत इंजिनचं ऑईल बदलून गाडी हाकलून दिली, पुठ्ठ्याचा डुप्लिकेट ऑईल फिल्टर लावून बिल चांगल्या फिल्टरचं घेतलं, फिल्टर कापल्यावर आत लोखंडाचा बुरा निघाला, आणि दुसऱ्या दिवशी गाडीखाली ऑईल सांडलेलं होतं.

आधी ऑईल सांडल्याबद्दल. ती आमची चूक. तुमच्या पहिल्या फोटोत डाग बरोबर ऑईल चेंबरच्या, म्हणजे जुनं ऑईल काढायच्या नटाखाली आहे, फिल्टर बसतो त्या बाजूला नाही. मी काम करणाऱ्या मुलाला विचारलं, त्याने कबूल केलं की नटाचा जुना वॉशरच परत लावला. तो वॉशर एकदा आवळला की दबतो, म्हणून दर वेळी नवा टाकायचा असतो. मनापासून माफी मागतो. जमीन खराब झाली, तुम्हाला त्रास झाला, याचं वाईट वाटतं.

पण साहेब, "डुप्लिकेट" हा शब्द मला रात्रभर टोचत राहिला. काम निष्काळजीपणे झालं म्हणा, मी मान खाली घालून ऐकेन. गिऱ्हाइकाला फसवून खोटा माल लावला, हे मी आजवर कधी केलं नाही, तुमच्याही गाडीत नाही.

दुसऱ्या फोटोत ऑईल गाळणाऱ्या कागदाच्या घड्यांच्या टोकाला जी तपकिरी चकती दिसते, तिला तुम्ही पुठ्ठा म्हणालात. तो खोक्याचा पुठ्ठा नाही. गरम ऑईलमध्ये टिकण्यासाठीच बनवलेलं ते फायबर असतं. काही फिल्टरला तिथे पत्र्याची चकती असते, काहींना फायबरची. नावाजलेल्या कंपन्याही फायबरची वापरतात. चकती कशाची आहे यापेक्षा घड्या तिला चारी बाजूंनी नीट चिकटल्यात का, हे बघायचं. कारण तिथे फट राहिली की ऑईल कागदातून न जाता फटीतूनच पुढे जातं. तुमचाच फोटो मोठा करून बघा, चिकटवलेली कड कुठेही सुटलेली नाही. घड्यांमधलं अंतर एका जागी थोडं कमी-जास्त आहे, ते मलाही दिसतं, ते मी नाकारत नाही.

आता तिसरा फोटो. त्यात नारिंगी रबराची चकती आहे. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑईल परत खाली उतरू नये म्हणून ती असते. तुमच्या गाडीत फिल्टर आडवा बसतो, म्हणून तिथे ती फार महत्त्वाची. स्वस्त फिल्टरमध्ये बहुतेक वेळा काळं रबर असतं, ते उष्णतेने हळूहळू कडक होतं. मग सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन काही क्षण कोरडं फिरतं आणि खडखड ऐकू येते. तुमच्या फिल्टरमध्ये सिलिकॉनची आहे. नुसत्या रंगावर विश्वास ठेवू नका, बोटाने दाबून बघा, मऊ लागेल. चार दिवस तुम्ही गाडी चालवलीत. सकाळी खडखड झाली असती तर तुम्ही तीही लिहिली असतीत.

लोखंडाच्या बुऱ्याबद्दल मात्र मला खरंच राग आला. फिल्टर तुम्ही करवतीने कापलात, पात्याचे ओरखडे फिल्टरच्या पत्र्याच्या डब्यावर दिसतात. करवतीने पत्रा कापला की बुरा आत पडणारच. फोटोतला चकचकीत बुरा कापलेल्या रेघेलगतच साचलाय, घड्यांच्या आत खोलवर नाही. फिल्टर उघडून तपासायचा तर पाइप कापतात तसं गोल फिरणारं कटर लागतं, त्याने बुरा पडत नाही. ज्या मेकॅनिकने तो बुरा दाखवून तुम्हाला घाबरवलं, त्याला हे माहीत असायला हवं होतं.

बिलाचं म्हणाल तर ते परत वाचा. त्यावर "गाडी कंपनीचा फिल्टर" असं कुठेच नाही. फिल्टर बनवणाऱ्याचं नाव आणि पार्ट नंबर आहे, आणि तोच नंबर तुमच्या चौथ्या फोटोत डब्यावर छापलेला आहे. नुसते आटे जुळले म्हणून आम्ही कुठलाही फिल्टर बसवत नाही. आतला बायपास व्हॉल्व्ह किती दाबाला उघडतो हेही इंजिनाप्रमाणे बदलतं. ऑईल थंडीने घट्ट असेल किंवा कागद चोंदला असेल, तर तोच व्हॉल्व्ह उघडून इंजिनाला निदान न गाळलेलं तरी ऑईल पोचवतो. म्हणून नंबर कॅटलॉगमध्ये बघूनच काढतो. हा फिल्टर आयएसओ ४५४८-१२ या चाचणीप्रमाणे तपासलेला आहे, तसं खोक्यावर छापलंय. किती बारीक कण किती प्रमाणात अडतात, ते त्या चाचणीत मोजतात.

तो खोका तुम्हाला दाखवला नाही, असं तुम्ही लिहिलंत. मुलाने काचेवर टकटक केली होती, साहेब. तुम्ही फोनवर बोलत होतात आणि हातानेच "लाव, लाव" अशी खूण केलीत. आल्या आल्या तुम्हीच म्हणालात की पंधरा मिनिटांत निघायचंय. इंजिन गरम होतं, गरम ऑईल पातळ होऊन लवकर निथळतं, म्हणून अकरा मिनिटांत झालं. दोन-तीन मिनिटं जास्त निथळू दिलं असतं तर बरं झालं असतं, पण घाई आमची नव्हती. नवं ऑईल चार दिवसांत काळं झालं म्हणता, तर डिझेल इंजिनात काजळीमुळे ते होतंच, त्यात ऑईलचा दोष नाही.

तुमच्या रिव्ह्यूनंतर नेहमीच्या तीन गिऱ्हाइकांनी फोन करून विचारलं, "आमच्या गाडीत काय लावलंय?" त्यातले एक माझ्याकडे अकरा वर्षांपासून येतात. त्यांना उत्तर देताना मला बोलता येईना. दोन मुलांचे पगार याच कामावर निघतात.

वॉशरबद्दल मुलांना सांगितलंय, यापुढे लक्ष ठेवू. खोकाही गाडी सुरू करण्याआधी हातात देण्याचा प्रयत्न करू.

तुमची गाडी घेऊन या. नटाला नवा वॉशर टाकून देतो, ऑईल कमी झालं असेल तर भरून देतो, पैसे घेणार नाही. कापलेला फिल्टर टाकला नसेल तर तोही आणा. त्याच नंबरचा नवा फिल्टर मी तुमच्यासमोर कटरने उघडतो, दोन्ही शेजारी ठेवून बघू. त्यानंतर रिव्ह्यूमधला तेवढा एक शब्द काढायचा की ठेवायचा, ते तुम्ही ठरवा.

तुमचा,
गॅरेजमालक