सरांच्या नावाने कमान नको

गावाच्या वेशीवर सरांच्या नावाची कमान उभारायची म्हणून वर्गणी सुरू झाली आहे. भावना समजते, माझाही सरांवर तेवढाच जीव होता. तरी या कमानीला माझा विरोध आहे.

सर आमच्या जिल्हा परिषद शाळेत आले तेव्हा पटांगणात सावलीला झाड नव्हतं. त्यात अमळनेर तालुक्यातला उन्हाळा, पारा ४४-४५ वर. आज तिथे कडुनिंब, चिंच, करंज आहेत आणि कुंपणालगत अंजनाची रांग आहे. सरांनी झाडं लावली, एवढं बोलून सगळे थांबतात. ती जगली कशी, हे कोणी सांगत नाही. निंबोळ्या पिकल्या की सर आम्हाला त्या वेचायला लावायचे आणि लगेच पेरायचे, कारण जुनी निंबोळी उगवत नाही. रोपाशेजारी मडकं पुरायचं, बुडाला भोक, भोकात सुती चिंधीची वात, तोंडावर सपाट दगड. भरलं की दोन-तीन दिवस मुळाशी पाणी झिरपत राहायचं. शेळ्या येऊ नयेत म्हणून बाभळीचे काटे. मे महिन्याच्या सुट्टीतही घरोघर पाण्याच्या पाळ्या लावलेल्या असायच्या. अंजन पहिली काही वर्षं वर फारसं वाढत नाही, आधी मूळ खोल नेतं. 'हे खुरटलंय, उपटून टाका' म्हणणाऱ्यांशी सरांना भांडताना मी पाहिलंय.

२०१९ च्या पावसाळ्यात राज्यात ३३ कोटी झाडं लावायची मोहीम निघाली. खड्डे झाले, फोटो झाले. पुढच्या एप्रिलमध्ये त्यातल्या किती खड्ड्यांवर पाण्याची कळशी घेऊन कोणी गेलं? शेजारच्या धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्याचं जंगल मात्र उभं राहिलं, कारण चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी तोडीवर बंदी घातली, दंड ठरवला आणि वर्षानुवर्षं तो नियम पाळला. २०२५ ची पद्मश्री त्यानंतर आली.

पैशाच्या बाबतीतही सरांचं तसंच. निवृत्तीच्या रकमेतले पाच लाख त्यांनी मुलींच्या शिक्षणासाठी ठेवीत टाकले. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज वाटायचं. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो. खरी ओढाताण त्यानंतर होते: धुळ्या-जळगावचं कॉलेज, वसतिगृहाची अनामत, मेसचे पैसे. इथेच बापाचा हात आखडतो आणि स्थळं बघायला सुरुवात होते. त्या व्याजावर आपल्या गावातल्या पोरी नर्स झाल्या, शिक्षिका झाल्या. घेणारीचं नाव सरांनी कधी फळ्यावर लिहू दिलं नाही. मला त्यांचं हे सगळ्यात मोठं वाटतं.

पण हिशेब करा. सात टक्क्यांनी पाच लाखांचे वर्षाला पस्तीस हजार येतात. फी दरवर्षी वाढते, मुद्दल तेवढंच राहतं. अजून काही वर्षांनी त्यात एकीचंही वर्ष निघणार नाही. आणि आपण सिमेंटवर पैसे घालायला निघालोय!

साने गुरुजींनी १९२४ ते १९३० याच अमळनेरात, प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलं. तिथलं छात्रालय सांभाळलं. छात्रालयातल्या मुलांची त्यांनी आईसारखी शुश्रूषा केली, हे या तालुक्यात अजून सांगितलं जातं. कमानीची गरज त्यांनाही पडली नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. कमानीचा सगळा पैसा ठेवीत टाका. व्याजातला थोडा भाग दरवर्षी मुद्दलात मिळवा. उन्हाळ्यातल्या पाण्याच्या पाळ्या शाळा समितीने लिहून काढाव्यात, कारण सर गेल्यापासून त्या विस्कटल्या आहेत. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. सुरत, पुणे, नाशिकला असलेल्या गावकऱ्यांनी कमानीची पावती फाडली असेल, तर ती रक्कम ठेवीकडे वळवायला तुमची संमती त्याआधी कळवा.