शंका आली म्हणजे विश्वास गेला, असे पवित्र शास्त्र म्हणत नाही

ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश वारंवार फिरतो. त्याचे म्हणणे असे: ज्याचा विश्वास खरा आहे त्याला शंका शिवत नाही, मन खचले तर प्रार्थना कमी पडली असे समजावे, आणि अशा वेळी डॉक्टरकडे जाणे म्हणजे देवावर भरवसा नसणे. हेतू धीर देण्याचा असेलही, परंतु हा संदेश वाचून प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेतील भाकर व द्राक्षारसाच्या विधीला, पुढे येईनाशी झालेली माणसे मी पाहिली आहेत, म्हणून त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिल्या विधानासाठी बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्राचा आधार दिला जातो, कारण तेथे संशय धरणाऱ्याला हेलकावणाऱ्या लाटेची उपमा आहे. परंतु लगेच आधीचे वचन सांगते की, देव उदारपणे देतो आणि दोष लावीत नाही. शिवाय याकोबाचा ‘द्विबुद्धीचा’ हा शब्द चौथ्या अध्यायात पुन्हा येतो, तेव्हा विषय असतो जगाशी मैत्री राखू पाहणाऱ्या दुभंगलेल्या निष्ठेचा. अंधारात देवालाच हाक मारणाऱ्याचा नव्हे. ज्याने येशूचा बाप्तिस्मा केला, तो योहानच पुढे तुरुंगातून विचारतो की, जे येणार आहेत ते (म्हणजे वचन दिलेले तारणारे) आपणच की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? येशू त्याला झिडकारत नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, हे त्याला जाऊन सांगा, असे म्हणतो, आणि निरोप्यांची पाठ वळताच लोकांसमोर योहानाची थोरवी सांगतो. ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका’ असे येशूपुढे ओरडणाऱ्या बापाचा आजारी मुलगाही तेवढ्याच विश्वासावर बरा झाला. भरवसा पकडीच्या बळावर नसतो, तो ज्याला धरले त्याच्यावर असतो.

आपल्याच मातीतले उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त मात्र सापडला नाही. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही, स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवली. निराधार स्त्रियांसाठी त्यांनी उभारलेले केडगावचे मुक्ती मिशन त्यानंतरचे आहे.

मन खचणे म्हणजे प्रार्थना कमी पडणे, हे दुसरे विधान बायबलमधील ८८व्या स्तोत्रापुढे टिकत नाही. हा स्तोत्रकर्ता रात्रंदिवस आरोळी मारतो, तरीही स्तोत्र अंधारातच संपते. शेवटी ना स्तुती, ना सुटका. आणि तरी हे गीत उपासनेत गाण्यासाठी जपले गेले. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत ‘माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे’ असे म्हणणाऱ्या प्रभूची प्रार्थना कमी पडली, असे कोण म्हणेल?

डॉक्टरांविषयीच्या आक्षेपाला प्रेषित पौलाने आपला सोबती लूक याला ‘प्रिय वैद्य’ म्हटले एवढे उत्तर पुरेसे आहे, पण जुन्या करारातील एलीया संदेष्ट्याची हकीकत अधिक बोलकी आहे. कर्मेल डोंगरावरील विजयानंतर तो रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याने निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुंजा दिला, त्याला पुन्हा झोपू दिले, आणि दुसऱ्यांदा उठवून म्हटले की, ऊठ, खा, कारण तुला मोठी मजल मारायची आहे. ‘तू येथे काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर पोहोचल्यावर आला.