सीटबेल्ट न लावलेली स्कूटर

आमच्या स्कूटरला लोणावळा आवडतं, हे मला ती चौदा वर्षांची झाल्यावर कळलं. तोपर्यंत तिची धाव कोथरूड ते मंडई एवढीच होती. चढ आला की ती कण्हते. चांदणी चौकाकडे जाताना तर मागे बसलेल्या माणसाने समजून उतरावं, अशी तिची अपेक्षा असते. अशा स्कूटरने मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १४३ किलोमीटरचा वेग गाठल्याचं चलान मोबाइलवर आलं, तेव्हा मला राग आलाच नाही. ऊर भरून आला.

द्रुतगती मार्गावर मोटारीला शंभरची मर्यादा आहे, घाटात साठची. दुचाकीला मर्यादा नाही, कारण दुचाकीला तिथे प्रवेशच नाही. म्हणजे आमची स्कूटर बंदी मोडून आत शिरली, टोलनाक्यावरून गेली, तिच्याकडे फास्टॅग नाही हे कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि मग ती उधळली. चलानासोबतचा फोटो उघडला. फोटोत एक काळी, रुंद, जर्मन मोटार होती. जिची किंमत विचारायची नसते त्या जातीची. तिच्या बुडाला आमचा नंबर. अक्षर न् अक्षर, आकडा न् आकडा.

पुढचे काही महिने चलानं येत राहिली आणि मला एका अनोळखी माणसाचं आयुष्य कळत गेलं. त्याचं नाव मला आजही माहीत नाही. बाकी सगळं माहीत आहे. तो बाणेर-बालेवाडीकडे राहतो, कारण सकाळचा सिग्नल तो तिकडेच तोडतो. शुक्रवारी रात्री तो कोरेगाव पार्कात नो पार्किंगमध्ये असतो. शनिवारी लोणावळा. मधल्या वारी एखादी विमाननगरची फेरी, बहुधा कोणालातरी विमानतळावर सोडायला. फोन कानाला लावून. पितृपक्षात एकही चलान आलं नाही. माणूस श्रद्धाळू असावा. आमच्या घरी मात्र चिंता पसरली. "अहो, बरेच दिवस काही आलं नाही त्याचं. बरा असेल ना?" असं बायकोने भाजी निवडता निवडता विचारलं. दसऱ्याच्या संध्याकाळी चलान आलं आणि आम्ही दोघांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. फोटोत मोटारीच्या नाकावर झेंडूचा हार होता. सकाळी मीही आमच्या स्कूटरला हार घातला होता. एकाच नंबराची एकाच दिवशी दोनदा पूजा झाली, म्हणजे त्या नंबराचं तरी चांगलं होणार असं मी धरून चाललो.

दोन चलानं मी जपून ठेवली आहेत. एक सीटबेल्ट न लावल्याबद्दल. आमच्या स्कूटरला सीटच फाटकी आहे, बेल्ट कुठला? दुसरं काळ्या काचांबद्दल. मोटारीच्या काचांवर काळी फिल्म लावायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच सांगून ठेवलंय. आमच्या स्कूटरला काच म्हणावी अशा दोनच वस्तू, उजवा आरसा आणि डावा आरसा. त्यातला डावा २०१६च्या विसर्जन मिरवणुकीत गेला.

सोसायटीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. चलानाचा फोटो मी सल्ला मागायला म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. सल्ला सोडून बाकी सगळं आलं. "अभिनंदन" असे बरेच अंगठे आले. सेक्रेटरींनी चारचाकीच्या पार्किंगचे दर खासगीत कळवले. वरच्या मजल्यावरच्या नानांनी आमच्या नंबरची बेरीज केली. "नऊ येते," ते म्हणाले, "उगाच नाही उचलला त्याने. निवडून घेतलाय." हे ऐकून मला पुन्हा थोडं बरं वाटलं. मेव्हणीच्या मुलीच्या लग्नात आम्ही नेहमीचा आहेर केला, तेव्हा पाकीट हातात तोलून बघताना तिच्या सासूबाईंचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता.

ॲपवर तक्रार केली. तक्रार 'नोंदवली' गेली, नंतर 'निकाली' निघाली. मधे काय झालं हे तिलाच ठाऊक. मग छापील फोटो, आरसीची झेरॉक्स आणि स्कूटरचे चारही बाजूंनी काढलेले फोटो घेऊन एका कार्यालयात गेलो. खिडकीपलीकडचे गृहस्थ सभ्य होते. हा संवाद मी जन्मभर विसरणार नाही.

"काका, नंबर तुमचाच आहे ना?"

"नंबर माझा आहे. गाडी माझी नाही."

"मग कोणाची आहे?"

"ते तुम्ही शोधायचं ना, साहेब."

"शोधलं की. नंबरवरून शोधतो आम्ही. तुम्ही सापडलात."

यावर काय बोलणार? तर्कशास्त्रात याला तोड नाही. मी म्हटलं, तुमच्याच संगणकात या नंबरपुढे 'दुचाकी' असं लिहिलंय, रंग राखाडी लिहिलाय, चासी नंबर आहे. फोटोत काळी मोटार आहे. ते म्हणाले, "कॅमेरा नंबर वाचतो, काका. गाडी नाही वाचत." बाहेर एक एजंट उभा होता. त्याने कागद न घेता नुसती मधली अक्षरं ऐकली आणि म्हणाला, "ही सिरीज टू-व्हीलरची आहे. फोर-व्हीलरला ही कधी सुटलीच नाही." कॅमेऱ्यांचं जाळं आणि हा वडाखाली उभा असलेला माणूस यांत कोणाला कामावर ठेवायला हवं होतं, हे मी सांगत बसत नाही.

पोलिसात तक्रार द्या, असं ठरलं. इथे हद्द आडवी आली. कोरेगाव पार्क पुणे शहर आयुक्तालयात. बालेवाडीच्या पुढे, वाकडचा पूल ओलांडला की पिंपरी-चिंचवड, ज्याचं आयुक्तालय २०१८ साली वेगळं झालं. लोणावळा ग्रामीणमध्ये. द्रुतगती मार्गावर महामार्ग पोलीस. जिथे गुन्हा घडला तिथे तक्रार द्यायची, असं प्रत्येकाने सांगितलं, आणि गुन्हेगार ताशी १४३ने हद्दी बदलत होता. माझ्या स्कूटरवरून एवढ्या हद्दी गाठणं शक्य नव्हतं. जिथे जायचं तिथला चढ आधी विचारावा लागतो.

शेवटी एका ठिकाणी अर्ज घेतला. सोबत प्रतिज्ञापत्र जोडायला सांगितलं. शिवाजीनगर कोर्टाबाहेरच्या नोटरीने मजकूर विचारला. मी म्हटलं, "लिहा, मी खाली सही करणार शपथेवर सांगतो, की माझ्याकडे महागडी मोटार नाही, पूर्वी नव्हती आणि पुढे होण्याची शक्यता नाही." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "शेवटचं वाक्य कायद्याला लागत नाही," ते म्हणाले. मी ते राहू दिलं. कायद्याला लागत नसलं तरी खरं होतं. अर्जात 'चारशेवीस' हा शब्द होता तोही त्यांनी खोडला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचं कलम ३१८ झालं. म्हणजे चारशेवीसनेसुद्धा नंबर बदलून घेतलाय.

मला न सुटलेलं कोडं वेगळंच आहे. एवढा पैसा असलेला माणूस नंबर का चोरतो? पुण्यात मोटारीला ०००१ हा नंबर हवा असेल तर ऑगस्ट २०२४ पासून सरकार सहा लाख रुपये घेतं आणि लोक ते देतात. ती हौस मला कळते. ४१४१ घेऊन त्याचं 'दादा' करणारा, ४९१२ घेऊन 'पवार' लिहिणारा, हेही आपलेच. नियमाने अक्षराची उंची आणि जाडीसुद्धा मिलिमीटरमध्ये ठरवून दिली आहे, पण आपलं आडनाव त्यात बसत नाही म्हटल्यावर माणूस काय करणार? निदान ते स्वतःचं आडनाव तरी लिहितात. हा गृहस्थ दुसऱ्याचं नाव लावतो, तेही माझं.

जाणकारांनी कारणं सांगितली. आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावर घेतलेल्या मोटारीला महाराष्ट्रात वीस टक्के कर. कराची कमाल मर्यादा वीस लाख होती, १ जुलै २०२५ पासून तीस लाख झाली. त्यामुळे कोणी पुदुच्चेरीत नोंदणी करून 'पीवाय' मिरवत पुण्यात फिरतो, कोणी नोंदणीच लांबवतो. कोणाचे कर्जाचे हप्ते थकलेले असतात आणि वसुलीची माणसं नंबर हुंगत फिरत असतात. आणि कोणाला फक्त दंड भरायचा नसतो. माझा माणूस शेवटच्या जातीचा, असं मला वाटतं. दोन कोटींच्या गाडीतून दोन हजार वाचवायचे. अस्सल पुणेकर आहे, यात शंका नाही.

एका गोष्टीचं मात्र हसू येत नाही. १९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये ज्या पोर्शेने दोन तरुण जीव घेतले, तिला कायमचा नंबरच नव्हता. १,७५८ रुपये शुल्क भरायचं राहिलं होतं, असं नंतर पेपरात वाचलं. अपघात होतो, गाडी पळते, आणि बघणाऱ्याच्या डोक्यात उरतात ते चार आकडे. माझ्या माणसाने उद्या कोणाला उडवलं तर उरलेले ते चार आकडे माझे असतील. रात्री अकरानंतर बेल वाजली की मी आधी आयहोलमधून खाकी रंग शोधतो. आजवर आला तो कुरियरवालाच.

दरम्यान आमच्या स्कूटरला नवी, उच्च सुरक्षेची पाटी बसली. १ एप्रिल २०१९पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना ती सक्तीची झाली. जीएसटी धरून ५३१ रुपये. कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, लेसरने कोरलेला क्रमांक, आणि एकदा ठोकलं की तोडल्याशिवाय न निघणारे स्नॅप लॉक. ज्या स्कूटरला बाहेर किल्लीसकट ठेवली तरी कोणी नेत नाही, तिच्यावर ही तटबंदी. तिकडे त्या जर्मन मोटारीची पाटी रेडियमवाल्याने शे-दोनशे रुपयांत, चहा येईपर्यंत कापून दिलेली.

जानेवारी २०२५मध्ये मुंबईत ताजसमोर एकाच नंबरच्या दोन मोटारी एकमेकींसमोर आल्या होत्या. खऱ्या मालकाला चलानं येत होतीच. त्याला आपला जुळा रस्त्यात दिसला, त्याने पाठलाग केला आणि तिथेच गाठलं. दुसऱ्याने वसुलीवाल्यांना चुकवायला आपल्या नंबरचा एक आकडा बदलला होता, आणि तो नेमका याचा नंबर झाला. ही बातमी मी कात्रण काढून पाकिटात ठेवली. आपल्याही नशिबात असं दर्शन असावं, एवढीच इच्छा होती.

ते दर्शन नळ स्टॉपला घडलं. सिग्नल लाल होता, मी रेषेच्या आत, शिस्तीत. माझ्या उजवीकडून ती आली, रेषा ओलांडून थेट झेब्रावर जाऊन उभी राहिली. बुडाला आमचा नंबर. छातीत धडधड झाली. पायाने ढकलत ढकलत स्कूटर तिच्या शेजारी रेषेपर्यंत नेली आणि काचेवर टकटक केली. काच खाली आली. आतून गार हवा आली आणि मग एक प्रसन्न, गोरागोमटा, तिशीतला चेहरा आला. मी इतके दिवस कल्पनेत ज्याच्या गळपट्टीला धरत होतो त्याला गळपट्टीच नव्हती, गोल गळ्याचा टी-शर्ट होता.

"काका, जरा लांब घ्या ना," तो म्हणाला, "स्क्रॅच पडेल."

मी बोट दाखवलं. "हा नंबर माझा आहे."

त्याने बाहेर मान काढून मागे पाहिलं. मग माझ्या स्कूटरच्या पुढच्या पाटीकडे पाहिलं, होलोग्राम, अशोकचक्र, सगळं. चेहऱ्यावर खरोखरचा आनंद पसरला. "अरे वा! सेम टू सेम! काय योगायोग आहे!" सिग्नल सुटला. आमच्या स्कूटरचं स्टार्टर तिसऱ्यांदा लागेपर्यंत तो डेक्कनला पोचला असेल.

दुसऱ्या दिवशी चलान आलं, झेब्रावर गाडी उभी केल्याबद्दल. फोटो उघडला आणि मी बायकोला हाक मारली. चौकातल्या कॅमेऱ्याने मागून टिपलं होतं. झेब्रावर काळी मोटार, तिच्या मागच्या डाव्या कोपऱ्याला खेटून राखाडी स्कूटर, त्यावर शर्ट बाहेर काढून बसलेला मी. दोन्ही पाट्या स्वच्छ वाचता येत होत्या. एकच नंबर, एकाच चौकटीत, एकाच सेकंदाला, सरकारच्याच कॅमेऱ्याने काढलेला. याहून मोठा पुरावा कोणत्या न्यायालयात असतो? रंगीत प्रिंट काढली, मोठ्या आकारात, लॅमिनेट केली. त्या कार्यालयात गेलो. तेच सभ्य गृहस्थ होते. फोटो खिडकीतून आत सरकवला आणि हाताची घडी घालून उभा राहिलो.

त्यांनी चष्मा लावला. मोटार पाहिली, स्कूटर पाहिली. पुन्हा मोटार. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना बोलावून त्यांनाही दाखवलं. मग खिडकीतून माझ्याकडे बघत पेन उघडलं आणि आपुलकीने विचारलं,

"काका, यातली तुमची कोणती?"