दोन पैचा मालक

चाळीस रुपयांचं मला काही नाही. पण परवा दापोली तालुक्यातल्या एका गावात, ज्या जागेचा विसार खिशात घेऊन मी गेलो होतो त्याच जागेतल्या माडाची दोन शहाळी मी विकत घेऊन प्यायलो, हे अजून पचलेलं नाही.

वीस गुंठे, अगदी समुद्राला लागून. ताम्हिणी उतरेपर्यंत माझा ओटीवरचा झोपाळासुद्धा टांगून झाला होता. जागेच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत एक आजोबा बसले होते, शेजारी सुकट वाळत घातलेली. मला वाटलं, राखणदार.

"जागा बघायला आलात? बघा. फक्त खुर्चीच्या अलीकडं नको. हे माझं."

एजंटाला अचानक खोकला आला. मी त्याच्याकडून सातबारा मागून घेतला. नावं पहिल्या पानावर संपली नाहीत, दुसऱ्यावरही नाहीत.

"माझी दोन पै," आजोबा म्हणाले. "अख्खी जागा म्हणजे एक रुपया, रुपयाच्या पै 192. काढा हिशेब."

मोबाईलवर काढला. सव्वादोनशे चौरस फूट.

"बरोबर. खुर्ची मावते, सुकट मावते. आणखी काय हवं?"

"बाकीचे हिस्सेदार?"

"मुंबईला. गणपतीत येतात, भांडतात, जातात. सह्या देतील हो. एक आत्या तेवढी देणार नाही."

"का?"

"वारली ना. आता तिचे पाच मुलगे."

मग त्यांनी विचारलं, "घर कुठं घालणार?" मी ऐटीत माडांखालची सावली दाखवली. ते उठले, माझा झोपाळा जिथं येणार होता तिथं गेले आणि काठीनं वाळकं शेवाळ उकरून दाखवलं. "उधाणाचं पाणी इथवर येतं." 1991 पासून सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांचा, नियम आहे, अशा विरळ वस्तीच्या गावात भरतीरेषेपासून 200 मीटरांत माझ्यासारख्या उपऱ्याला नवं घर बांधता येत नाही. हे एजंटाला ठाऊक होतं. आजोबांनाही. गावातल्या कुत्र्यांनाही असावं, एकही भुंकलं नाही.

"बरं, शेतकरी आहात का?"

हा घाव खरा लागला. शेतजमीन घ्यायला शेतकरी दाखला लागतो, आणि आमचं नाव साताऱ्याकडच्या सातबाऱ्यावरून कधीच गेलंय. एका दिवाळीला काका पेढ्यांचा डबा घेऊन आले आणि बाबांनी हक्कसोडपत्रावर सही केली. पेढे कंदी होते, एवढं आठवतं. त्या डब्यापायी मी आज स्वतःच्या राज्यात शेताचा तुकडा घ्यायला नालायक, आणि काकांचा मुलगा, जो भाजीसुद्धा ॲपवरून मागवतो, तो शेतकरी! एजंट म्हणाला, "दाखल्याचं बघू, होऊन जाईल." कसं होऊन जाईल, ते मी विचारलं नाही.

घसा सुकला होता. आजोबांनी न विचारता दोन शहाळी सोलली. एजंटानं त्यातलं मोठं उचललं.

"एकशे साठ."

"पण माड तर जागेतच आहे ना?"

"जागेत आहे. माझ्या दोन पैत आहे."

दोनशेची नोट दिली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली, बनियनच्या खिशात घातली.

"सुटे नाहीत. पुढच्या खेपेला घ्या."