३२ कोयत्यांचा सर्व्हर

‘३२ कमी दरात उपलब्ध असता २४ चा आग्रह का? खुलासा करावा.’

माझ्या तुलनात्मक तक्त्याच्या समासात लाल शाईनं हे लिहून आलं. खाली चीफ अकाउंटंट साहेबांची सही, तिच्यावर कारखान्याचा गोल शिक्का. तक्ता कुठल्या फडातल्या टोळ्यांचा नव्हता, दोन प्रोसेसरचा होता.

पार्श्वभूमी पटकन उरकतो, कारण तिच्यात हसण्यासारखं काही नाही. आमचा सहकारी साखर कारखाना. हंगामात पंधरवड्याचं ऊस बिल काढायला घेतलं की जुना सर्व्हर सकाळी जो बसतो, तो संध्याकाळीच उठतो. ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्या, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. सर्व्हरला तो आदेश कुणी वाचून दाखवलेला नाही. म्हणून नवा घ्यायचं ठरलं, दरपत्रकं आली आणि शेवटी दोन प्रोसेसर समोरासमोर राहिले. इंटेलचा झिऑन गोल्ड ६४३० : ३२ कोअर (एकाच चिपमधले वेगवेगळे मेंदू), वेग २.१ गिगाहर्ट्झ, कंपनीच्या यादीत २,१२८ डॉलर. एएमडीचा एपिक ९२५४ : २४ कोअर, २.९ गिगाहर्ट्झ, २,२९९ डॉलर. म्हणजे आठ कोअर कमी आणि वर १७१ डॉलर जास्त. वरवर बघणाऱ्याला मी चोर वाटणार, हे मान्य.

पण खरी मेख पुढं आहे. आमचा डेटाबेस मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर २०२२, स्टँडर्ड. नावात सर्व्हर असला तरी हे मशीन नव्हे, सॉफ्टवेअर. थेट मशीनवर टाकला की त्याचं लायसन कोअर मोजून घ्यावं लागतं. दोन कोअरचा एक पॅक, यादीतला दर ३,९४५ डॉलर. ३२ ला १६ पॅक, २४ ला १२. चार पॅकांचा फरक म्हणजे १५,७८० डॉलर. कळस असा, की ही स्टँडर्ड आवृत्ती २४ च्या वर कोअर वापरतच नाही. वरचे आठ नुसते बसणार आणि त्यांचं लायसन मात्र आपण भरणार. चिपवर १७१ वाचवायचे आणि लायसनवर पंधरा हजार घालवायचे, हा व्यवहार मला शाळेत शिकवला असता तरी आला नसता.

आमच्या तक्त्याच्या छापील नमुन्यात लायसनला रकानाच नाही. वस्तू, नग, दर, कर, एकूण, शेरा. संपलं. मी पट्टी घेऊन एक रकाना आखला. त्यावर वेगळा शेरा आला : ‘नमुन्यात फेरफार करू नये.’

तक्त्यासोबत मी स्पेक सीपीयू २०१७ या चाचणीचे निकालही जोडले होते. प्रोसेसर मोजायला जगभर ती वापरतात. तिच्यात प्रोग्रॅम कंपाइल करणं, व्हिडिओ दाबून लहान करणं अशी बरीच कामं असतात, तशीच बुद्धिबळ आणि सुडोकूची गणितंही असतात. साहेबांना बाकी काही दिसलं नाही. ‘संस्थेच्या मशीनवर सुडोकूचे प्रयोजन काय?’ हा तिसरा शेरा. साहेब स्वतः दुपारच्या जेवणानंतर पेपरातलं सुडोकू सोडवतात, तेही याच लाल पेनानं. असो.

एमडी साहेब पुण्याला साखर संकुलात गेलेले, म्हणून खरेदीच्या मीटिंगला अण्णा बसले. अण्णा म्हणजे शेतकी समितीचे संचालक. टोळ्यांचे करार करण्यात हयात गेलेली.

“हे कोअर म्हंजे काय वो?”

“कामकरी समजा, अण्णा. चिपच्या आत बसलेले.”

“म्हंजे कोयते.”

ऊसपट्ट्याबाहेरच्यांसाठी : तोडीला येणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादमाच्या हातात उचल, म्हणजे आगाऊ पैसे, द्यायची आणि दिवाळीनंतर टोळी येते का याची वाट बघायची.

“बरं,” अण्णा खुर्चीत पुढं सरकले. “ह्या टोळीत ३२ कोयते, त्या टोळीत २४. बत्तीसवाली उचल कमी मागतीया. आन् तुमी म्हणताय चोवीसवाली आणा. मुकादम पावणा हाय का तुमचा?”

सगळे हसले. मीही हसलो. पण खरं सांगतो, ते लागलं. दोन रात्री जागून हिशेब मांडायचा आणि वर पावणा कोण ते सांगायचं.

“अण्णा, ही २४ जास्त झपाट्यानं तोडतात.”

“दिवसाला किती टन?”

गिगाहर्ट्झचे टन करून द्यायची सोय अजून कुणी काढलेली नाही. मी विषय विजेवर नेला. कागदावर झिऑन २७० वॅटचा, एपिक २०० चा. अण्णांनी हात झटकला. “वीज आपल्याच को-जनची. बगॅस काय इकत आणतोय?” को-जन म्हणजे उसाच्या चिपाडावर, बगॅसवर, चालणारा कारखान्याचा वीजप्रकल्प. तिथलीच वीज आपण विकतो, हे मी बोललो. ते कुणी ऐकलं नाही.

मग मी हुकमी पान टाकलं. “अण्णा, त्या ३२ मधले आठ कोयते फडात उतरणारच नाहीत. पण उचल ३२ ची द्यायची. आणि ती थेट अमेरिकेला.”

अण्णांनी चष्मा काढला. माझ्याकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं. क्षणभर वाटलं, जिंकलो.

“उचल घेऊन ३२ तलं आठच बुडवत्यात? मग लई चांगली टोळी म्हणायची की!”

चीफ अकाउंटंट साहेबांना मी त्या दिवशी पहिल्यांदा हसताना पाहिलं. हसता हसताच त्यांनी झिऑनपुढं बरोबरची खूण केली.

“आन् ती दुसरी कंपनी नगंच,” अण्णांनी निकाल पक्का केला. “टीव्हीवर टिंगटिंग वाजायचं त्येच ओरिजनल. डुप्लिकेट माल कारखान्यात नको.”

टिंगटिंग म्हणजे इंटेलची जाहिरात. इंटेल १९६८ ची, एएमडी १९६९ ची. दोघींची ऑफिसं सांता क्लारात, एकाच गावात. १९८२ च्या करारानं एएमडी इंटेलच्या चिपा बनवायची, हे खरं. पण २००३ मध्ये ऑप्टेरॉन नावाचा प्रोसेसर काढून इंटेलच्याच या घराण्याच्या चिपांना ६४ बिटांवर, म्हणजे एका दमात जास्त मोठे आकडे पेलण्यावर, नेलं एएमडीनं. इंटेल तेव्हा इटॅनियम नावाचा प्रोसेसर घेऊन वेगळ्याच रस्त्यानं चालली होती. पुढच्याच वर्षी तिनं मुकाट एएमडीची तऱ्हा उचलली. आज या घराण्याचे दोन्ही कंपन्यांचे प्रोसेसर तीच वापरतात.

मीटिंग सुटल्यावर हे अण्णांना पटवून द्यायचंच, असं मी मनावर घेतलं. साहेबांच्या टेबलावर इंटेलचा निळा स्टिकर लावलेला कॉम्प्युटर होता. अण्णा चहा घेत होते. मी काळी खिडकी उघडून कमांड मारली. विंडोजनं उत्तर दिलं, प्रोसेसर आर्किटेक्चर : एएमडी६४. एएमडी६४ हे त्या ६४ बिटांच्या तऱ्हेचं नाव, म्हणून इंटेलच्या मशीनवरसुद्धा विंडोज हेच सांगतं.

“बघा अण्णा, काय लिहिलंय.”

अण्णांनी स्क्रीनवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. मग वाकून निळा स्टिकर पाहिला. नखानं जरा खरवडलाही.

“अवो साहेब,” त्यांनी आतल्या खोलीकडं हाक टाकली, “तुमच्या कॉम्प्युटरात वरनं ओरिजनलचा शिक्का हाय, आत डुप्लिकेट भरलंय! ह्येंनीच दावलं बगा.”

मी ६४ बिटांचं सांगायला तोंड उघडलं. साहेबांनी पेनाचं टोपण उघडलं.

संध्याकाळी स्टोअरचा पोरगा डेड स्टॉक रजिस्टर काखेत मारून माझ्या दारात उभा. “सर, साहेबांनी पाठवलंय. असं अजून किती मशीनमध्ये भरलंय, तेवढं नंबरवार लिहून द्या म्हणाले.”