रक्त आपोआप थांबलं, तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा

मानेच्या गाठीचं ऑपरेशन झालेल्यांच्या घरांत एक मेसेज फिरतोय: ‘जखमेतून थोडं रक्त येऊन थांबलं तर काळजी नको, हळद भरा. मोठी नस फुटलीच तर डॉक्टरांच्याही हातात काही नसतं, पेशंटला हलवू नका.’ अशा जखमांचं ड्रेसिंग मी वर्षानुवर्षं केलंय, म्हणून कळवळून लिहितेय.

‘थांबलं तर काळजी नको.’ हे सगळ्यांत घातक वाक्य. पहिले काही दिवस ड्रेनच्या नळीत लालसर पाणी येतं, त्याची गोष्ट वेगळी. पण मानेला शेक (कॅन्सरसाठीचं रेडिएशन) दिलेले असतील, टाके उसवून लाळ झिरपत असेल आणि कित्येक दिवसांनी जखमेतून, तोंडातून किंवा गळ्यातल्या नळीतून ताजं लालभडक रक्त आलं, तर मेंदूकडे जाणारी कॅरोटिड धमनी विरत चाललेली असू शकते. शेकांमुळे तिच्या भिंतीला पोसणाऱ्या बारीक वाहिन्या बंद होतात, वरून लाळ आणि जंतू तिला पोखरतात. पहिलं रक्त गुठळी धरून थांबतं. पुढचं काही तासांत येईल की काही दिवसांनी, हे सांगता येत नाही, आणि ते आपोआप थांबेलच असं नाही. मधला तेवढाच वेळ आपल्या हातात असतो. रात्र असली तरी निघा.

हळद नकोच. स्वच्छ कापडाने नेमक्या जागी बोटांनी घट्ट दाबा, बघायला म्हणून हात उचलू नका, गळ्याभोवती पट्टी आवळू नका. तोंडातून रक्त येत असेल तर कुशीवर वळवा. दुसऱ्याने १०८ लावावा.

‘डॉक्टरांच्या हातात काही नसतं.’ असतं. अँजिओग्राफी करून धमनीत आतून आच्छादित स्टेंट (आवरण असलेली जाळीची नळी) बसवतात, किंवा कॉइल (बारीक तारेची वेटोळी) टाकून ती बंद करतात. सवड असेल तर आधी धमनीत फुगा फुगवून, ती थोडा वेळ अडवून बघतात, दुसऱ्या बाजूचं रक्त मेंदूला पुरतंय का. उघडी पडलेली धमनी छातीचा स्नायू वळवून झाकतात, ही पद्धत १९७९पासूनची आहे. सगळेच वाचत नाहीत, पक्षाघाताची भीतीही राहते. तरी पहिल्या रक्ताला आलेला पेशंट आणि धार लागल्यावर आणलेला पेशंट, यांच्यात फार फरक पडतो.

‘हलवू नका’ हे एका वेळी खरं ठरतं. आजार बरा होण्यापलीकडे गेलेला असतो, तेव्हा काही कुटुंबं डॉक्टरांशी आधीच बोलून घरी राहायचं ठरवतात. गुंगीचं औषध आणि गडद रंगाचे टॉवेल हाताशी ठेवलेले असतात, म्हणजे रक्त बघून धसका बसत नाही आणि माणूस तळमळत जात नाही. तो निर्णय पेशंटचा आणि त्याच्या माणसांचा.