उंबरठा काढला म्हणून बाथरूमची वेट रूम होत नाही

वेट रूम म्हणजे उंबरठा नसलेलं, जमिनीवर कुठेही पाणी सांडलं तरी चालेल असं बाथरूम. त्याबद्दल नागपुरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक सल्ला जोरात फिरतोय: ‘आईबाबांसाठी दोन दिवसांत वेट रूम. आपली बाथरूमं तशीही ओलीच असतात. उंबरठा काढा, जुन्या फरशीवरच नवी टाइल चिकटवा, सांध्यांत वॉटरप्रूफ ग्राउट भरा. तोडफोड नाही, धूळ नाही. नागपूरच्या उन्हात बाकी सगळं आपोआप सुकतं.’ वयस्क माणसाला उंबरठ्याची ठेच लागते, हे अगदी खरं. म्हणूनच हा सल्ला लोक लगेच मनावर घेतात, आणि म्हणूनच त्याला उत्तर द्यायला हवं.

‘आपली बाथरूमं तशीही ओलीच असतात.’ असतात, पण वेट रूममध्ये फरशीखाली सलग जलरोधक थर असतो, तो भिंतींवर चढवलेला असतो आणि सगळ्या जमिनीचा उतार ट्रॅपकडे, म्हणजे पाणी बाहेर जाण्याच्या तोंडाकडे, असतो. जुन्या बाथरूममध्ये उतार बहुधा नळाजवळच नीट असतो; बाकीचं पाणी उंबरठा अडवतो. तोच काढला की पाणी थेट बेडरूममध्ये.

‘जुन्या फरशीवर नवी टाइल.’ इथे मिस्त्रीला टेप लावायला सांगा. दारापासून ट्रॅप दीड मीटरवर असेल, तर ८० ला १ या उतारासाठी दारापेक्षा ट्रॅप जवळजवळ १९ मिलिमीटर खाली हवा. नवी टाइल आणि तिचा ॲडहेसिव्ह मिळून जमीन १२ ते १५ मिलिमीटर वर येते. खोलीच्या फरशीपेक्षा बाथरूम जेमतेम इंचभर खाली असेल, तर त्यातला अर्धा इंच इथेच गेला. राहिलेल्या जागेत उतार बसत नाही. शिवाय खालची जुनी टाइल ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, तर वरचीही तिच्यासोबत सुटणार.

‘वॉटरप्रूफ ग्राउट भरा.’ या एका ओळीने सगळ्यांत जास्त नुकसान होतं. ग्राउट कितीही चांगला असला तरी गळती सुरू होते ती भिंत आणि जमिनीच्या कोपऱ्यात, पाइप जिथून आत येतो तिथे आणि ट्रॅपच्या कडेला. फ्लॅटमध्ये बाथरूमचा स्लॅब पुष्कळदा खाली सोडून विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो. टाइलखाली गेलेलं पाणी त्या भरावात मुरत राहतं आणि कित्येक महिन्यांनी खालच्यांच्या छताला पोपडे धरतात, पांढरा क्षार फुटतो. तोवर ठेकेदार पैसे घेऊन गेलेला असतो आणि भांडण दोन शेजाऱ्यांत लागतं.

तळमजल्यावरच्या घरांनीही निश्चिंत राहू नये. नागपुरात कितीतरी भागांत काळी माती आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि जमिनीला बारीक तडे जातात. त्यावर कडक सिमेंटचा थर टिकत नाही. ताण सोसणारं, दोन घटकांचं लवचीक कोटिंग हवं. कोपऱ्यांत जाळी दाबून कोटिंगचे दोन हात द्यायचे; भिंतींवर किमान एक फूट उंचीपर्यंत, शॉवरच्या भिंतींवर सहा फूट. यासाठी जुनी फरशी काढावीच लागते.

‘दोन दिवसांत.’ नुसती पाण्याची चाचणीच ४८ तासांची असते. कोटिंग वाळल्यावर ट्रॅपचं तोंड बंद करायचं, दाराला तात्पुरती वीट-सिमेंटची आड घालायची, पाणी भरून भिंतीवर पातळीची रेघ मारायची आणि खालच्या घरात जाऊन छत पाहायचं. नवा उतार, कोटिंग, चाचणी, टाइल, ग्राउट असं सगळं धरलं तर आठ-दहा दिवस लागतात. चाचणी न करता टाइल लावणाऱ्याला काम देऊ नका.

‘उन्हात आपोआप सुकतं.’ मे महिन्यात, हो. जुलै-ऑगस्टमध्ये चहूकडे दमट असताना ती जमीन रात्रभर ओलीच राहते, म्हणून एक्झॉस्ट फॅन लागतोच. आणि मे महिन्याचाही एक त्रास आहे: ट्रॅपमधलं पाणी, साधारण ५० मिलिमीटर, हेच गटाराची दुर्गंधी आणि झुरळं अडवतं. सुट्टीत घर महिनाभर बंद राहिलं की ते उडून जातं. पातळ बैठकीच्या लांबट ड्रेनमध्ये ते आणखी कमी असतं. गावाला जाताना शेजाऱ्याकडे किल्ली देऊन आठवड्याला एक बादली ओतायला सांगावं.

टाइल खरखरीतच हवी, चकचकीत नको. गिझरचा स्विच बाहेर आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच. धरायचे दांडे कुठे लागणार, ते वॉटरप्रूफिंगच्या आधी ठरवा. नंतर ड्रिल मारलं की त्याच थराला भोकं पडतात. व्हीलचेअरला पूर्ण वळायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. चार बाय सात फुटांच्या बाथरूममध्ये ती मिळत नाही, उंबरठा काढूनही.

तोडफोड नकोच असेल, तर वेट रूमचा विचार सोडा. उंबरठा राहू द्या, त्याच्या दोन्ही बाजूंना उभे दांडे पक्के बसवा, आत रबरी पायांचं स्टूल आणि हातात धरायचा शॉवर द्या. एका दुपारीत हे काम होतं आणि आईबाबांना आजपासूनच आधार मिळतो.